चाकांवरचा पदयात्री

रायपूर शहरात बावन्न वर्षांचा, रोज सकाळी बीपीची गोळी घेणारा, जवळचा एक आणि लांबचा एक असे दोन चष्मे बाळगणारा, आणि तरीही पायांना चाकं लावून तासाला वीस किलोमीटरच्या वेगानं जाणारा माणूस एकच आहे. तो म्हणजे मी! हरिदास गजभिये, रेल्वेच्या भांडार विभागातला ऑफिस सुपरिटेंडेंट. ही बढाई नाही. म्हणजे बढाईच आहे, पण खरी आहे!

"स्केटिंग? ते तर पोट्ट्यांचं काम!" असं तुमच्या मनात आलं असेल. आलंच असेल! माझ्या अख्ख्या ऑफिसाच्या आलं. अहो, बागेत गोल गोल फिरणं वेगळं आणि लांब पल्ल्याचं स्पीड स्केटिंग वेगळं. यात एका ओळीत तीन मोठाली चाकं असतात, बूट घोट्याशीच संपतो आणि ब्रेक नावाची वस्तू नसतेच. थांबायचं असेल तर मागचा पाय आडवा करून घासत न्यायचा आणि आशा सोडायची नाही. कंबरेत वाकायचं, गुडघे मोडायचे, मान खाली घालायची, दोन्ही हात पाठीमागं बांधायचे आणि एकेक पाय बाजूला रेटत बेचाळीस किलोमीटर जायचं! माझी बायको कमला म्हणते, "हापिसात सायबापुढं उभे राहता तसेच तर दिसता!" तिच्याकडं मी लक्ष देत नाही.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरनं गुडघ्यांमुळं धावायला बंदी केली आणि मी हे धरलं. तेलीबांध्याच्या पुढं नवा रायपूरचे रस्ते आहेत, त्यांवर विमान उतरवा, इतके रुंद आणि इतके रिकामे. तिथं रोज पहाटे पायल वंजारी नावाची पोट्टी शिकवते. वय सव्वीस, आवाज साठ वर्षांच्या हेडमास्तरणीचा. तिच्या घरी मराठी बोलतात, पण ही उत्तर देते हिंदीतच. "अंकल, घुटना मोड़ो! और मोड़ो! आप खड़े क्यों हो?" मी तेव्हा जमिनीपासून वीतभर अंतरावर असतो!

तर यंदा राज्याचा ज्येष्ठांचा संघ निवडायचा होता. पन्नाशीवरच्या गटात तीन जागा. आणि आता खरं सांगतो, लपवून काय करायचं? आयुष्यात मी कुठल्याच संघात कधी नव्हतो. शाळेत कबड्डी असली की मला सगळ्यांचे शर्ट सांभाळायला बसवायचे. रेल्वेच्या क्रिकेटमध्ये मी एकवीस वर्षं धावफलक लिहिला. मला एकदा, फक्त एकदा, पाठीवर 'छत्तीसगड' लिहिलेला पोशाख घालायचा होता. माझी एवढीच मागणी होती. ही काय जास्त झाली?

अट साधी होती. बेचाळीस किलोमीटर, चार तासांच्या आत, मधले थांबे धरून. दंडाला बांधलेल्या मोबाईलवर अंतर आणि वेळ नोंदवायची. पण माणूस चाकांवर होता की कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसला होता, हे मोबाईलला काय कळणार? म्हणून सोबत साक्षीदार हवा. त्यानं तसं लिहून द्यायचं. साक्षीदार नसेल तर पोचल्या जागेच्या एखाद्या संस्थेचं पत्र, शिक्क्यासह. आणि हे सगळं रविवारी संध्याकाळी पाचच्या आत पायलच्या हातात.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात नवा रायपूरचा आमचा रस्ता कुठल्याशा पाइपासाठी खणून ठेवला! तीन वर्षं त्या रस्त्यावर कुत्रं फिरकलं नाही, आणि माझ्या आठवड्यात पाइप!

दुसरा कोणी असता तर रडत बसला असता. मी नाही! माझ्या डोक्यात एक अफाट कल्पना आली. नवरात्र चालू होतं. या दिवसांत रायपूरहून हजारो लोक कोसमडोंगरीच्या देवीला पायी जातात, पचपेढी नाक्यावरून निघून अभनपुरावरून पुढं. अंतर बरोबर बेचाळीस! आणि सातव्या माळेला पोलीस त्या रस्त्याची एक अख्खी बाजू पदयात्रींसाठी मोकळी ठेवतात. एक गाडी नाही, एक ट्रक नाही, गुळगुळीत डांबर! सातवी माळ रविवारी होती. माझ्यासाठीच बांधल्यासारखा ट्रॅक!

मी कमलाला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"अवो, लोकं तिथं देवीले चालत जातात. तुम्ही काहून मधात घुसता?"

"रस्ता सरकारचा आहे! मी एका बाजूनं जाईन. कोणाला त्रास नाही, कोणाचा त्रास नाही."

"तरास नाही म्हणता? त्या रस्त्यावरून कोणाले उपाशी जाऊ देत नाहीत ते लोकं. माह्या बहिणीचा दीर गेलता मागच्या साली. चार किलो वाढून आला!"

"तो भाविक होता. मी खेळाडू आहे."

"हव का?" असं म्हणून तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं आणि पुन्हा मेथीत डोकं घातलं.

साक्षीदार म्हणून मी नरहरीला धरलं. नरहरी माझ्याच ऑफिसातला, राहायला ब्राह्मणपाऱ्यात. त्याचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इकडं आले म्हणे, आणि तेव्हापासून त्या घरात कोणी घाई केलेली नाही. पण माणूस विश्वासू. त्यानं स्कूटरवर मागून यायचं, पाणी द्यायचं, आणि शेवटी सही करायची. एवढंच काम!

रविवारी सकाळी ठीक साडेसहाला मी पचपेढी नाक्यावरून निघालो. अंगात पायलच्या क्लबचा घट्ट पोशाख: लाल, बाजूला पिवळा पट्टा. आता तुम्ही म्हणाल, लाल-पिवळं कापड, सातवी माळ, तो रस्ता, तुम्हाला अक्कल नव्हती का? अहो, क्लबनं कपडे शिवले मार्चमध्ये! मी काय पंचांग बघून स्केटिंग करू?

पहिल्या मिनिटालाच एका हवालदारानं नरहरीची स्कूटर अडवली. या बाजूला गाडी चालणार नाही म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. नरहरी दुभाजकाच्या पलीकडल्या बाजूनं यायला लागला, मी इकडून. अधूनमधून आम्ही एकमेकांना हात करत होतो. वारा थंड होता, डांबर लोण्यासारखं होतं, चाकं गात होती! दंडावरचा मोबाईल दर किलोमीटरला सांगत होता, "वेग एकवीस." डाव्या कडेनं पदयात्री चालले होते. कोणी देवीची जस गीतं म्हणत होते, कोणी पोरांना खांद्यावर घेतलं होतं. मी वाकून, मान खाली घालून, हात पाठीमागं बांधून त्यांच्या बाजूनं सुर्रकन जात होतो. मला वाटलं, काय रुबाबदार दिसत असेन मी!

त्यांना काय वाटलं, ते मला सहाव्या किलोमीटरला कळलं.

रस्त्यात कापडी मांडव होता. पदयात्रींसाठी चहा, नाश्ता, पाणी देणाऱ्या मंडळाचा. असे मांडव त्या रस्त्यावर दर दोन किलोमीटरला असतात. पहिले दोन मी असेच ओलांडले होते. तिसऱ्याच्या समोर दहा-बारा जणांनी हातात हात घालून रस्ताच अडवला होता!

"हटो! हटो! ब्रेक नहीं है!" मी ओरडलो.

"आने दो! आने दो!" ते ओरडले, आणि दोघातिघांनी मला अलगद झेललं. जणू लग्नातला नवरदेव घोड्यावरून उतरवतायत!

"धन्य हो भैया! ऐसा झुक के, हाथ बाँध के, चक्के पे! पूरा रास्ता ऐसे ही जाओगे?"

"हो! म्हणजे, हाँ! लेकिन मैं यात्री नहीं हूँ। मैं प्रॅक्टिस कर रहा हूँ।"

"साधना बोलो न भैया, शरमाते क्यों हो? चाय लो।"

मी ठरवलं, सरळ सांगून टाकावं. म्हणालो, "भैया, मैं बौद्ध हूँ। मेरा नवरात्रि का कुछ नहीं है।"

त्यानं दोन्ही हात जोडले. "जय भीम भैया! बैठो। भूख का कौन सा धरम होता है? हलवा लाओ रे!"

हलवा साजूक तुपातला होता. सात मिनिटं गेली. मी निघताना नम्रपणे म्हणालो, "आगे मुझे कोई रोके नहीं। मुझे रुकना नहीं है।" ही माझी चूक झाली! त्या माणसाचे डोळे मोठे झाले. मी वळताच तो फोनवर बोलताना ऐकू आला, "हलो, केंद्री वाले? एक चक्के वाले भैया आ रहे हैं, लाल कपड़ा पहने हैं। कहते हैं रुकना नहीं है, बहुत संकोची आदमी हैं। खाली पेट मत जाने देना!"

मला सांगा, शत्रूनं याच्यापेक्षा काय वेगळं केलं असतं?

केंद्रीच्या, म्हणजे पुढच्याच मांडवात माझी वाटच बघत होते. साबुदाण्याची खिचडी! त्याच्या पुढच्यात केळी, मग लिंबूपाणी, मग पुन्हा हलवा. मी थांबत नाही म्हटलं तर तरणी पोरं द्रोण हातात घेऊन माझ्या बाजूनं धावायची. "एक कौर भैया, एक कौर!" वाकलेल्या स्थितीत, ताशी अठराच्या वेगानं, तोंडात साबुदाणा कोंबून घेणारा खेळाडू तुम्ही पाहिलाय का? मी ओरडायचा प्रयत्न केला. ओरडायला तोंड मोकळं पाहिजे ना!

आणि नरहरी? मी पलीकडं पाहिलं. स्कूटर दुभाजकाला टेकवून ठेवलेली! हा गृहस्थ इकडं मांडवात खुर्चीवर बसलेला, मांडीवर पत्रावळ, आणि आजूबाजूला चार माणसं वाढायला!

"नरहरी! अरे, काय करून राहिला तू?"

"साहेब, मी काही मागितलं नाही हो! यांनी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, त्यांच्यासोबतचा. तर बसवलंच! बाबांचे सेवक म्हणतात."

"कोण बाबा?"

"तुम्ही!" तो म्हणाला आणि भज्यांकडं वळला. "व्हा तुम्ही पुढं. मी हा आलोच."

हा आलोच! माझ्या एकुलत्या एक साक्षीदाराचं हे मला दिसलेलं शेवटचं रूप. नंतर कळलं की त्याचे पाय चेपले, तो तिथंच गादीवर झोपला, आणि बारा वाजता उठून दही-भात जेवला.

मी दात-ओठ खात निघालो. घड्याळ बघितलं. आठ वाजून गेले होते आणि अजून पंधराच किलोमीटर झाले होते. तरी धीर सोडला नाही. दोन मांडव चुकवले, एकात दूध पिऊन सुटलो, आणि पावणेनऊच्या सुमारास अभनपूर गाठलं.

अभनपुरात बाजाराच्या तोंडाशी सगळ्यात मोठा मांडव. वर लाउडस्पीकर. लांबूनच ऐकू आलं, "सभी भक्तों को सूचना दी जाती है कि चक्के वाले बाबा नगर की सीमा में पधार चुके हैं!" दोन्ही बाजूंनी गर्दी! मला झेलायला या वेळी वीस माणसं. उचलून खुर्चीवर ठेवलं. समोर परात, परातीत कोमट पाणी. बचत गटाच्या बायका पदर खोचून बसलेल्या.

"जूता उतारिए भैया।"

"नाही! नहीं! जूता मत उतारो! मेरे पास टाइम नहीं है!"

एकीनं बूट ओढला. दुसरीनं दुसरा. कमलाच्याच वयाची असेल ती. माझा पाय हातात घेतला आणि थबकली. नवीन बुटांनी घोटे सोलून निघाले होते, बोटं लाल झाली होती. "हाय दाई! कतका पीरा सहे हे गा," किती सोसलंय यानं, असं म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गरम तेल लावून ती हळूहळू पाय चोळायला लागली. आता मी दगड नाही. गेल्या तीस वर्षांत माझ्या पायांची इतकी विचारपूस कोणी केली नव्हती. माझाही गळा दाटून आला. पण घड्याळ! घड्याळाचा गळा दाटत नसतो! नऊ वाजले, नऊ-दहा झाले, नऊ-वीस झाले.

शेवटी माझा संयम सुटला. मी उभा राहून गरजलो, "सुनो! मैं कोई बाबा नहीं हूँ! मैं खिलाड़ी हूँ! मुझे टाइम पर पहुँचना है!"

मग माइकवाल्या माणसानं हात वर केला. "सुना आप लोगों ने? बाबा कहते हैं, हम सब खिलाड़ी हैं, और सबको टाइम पर पहुँचना है! बोलो..."

जयजयकारानं मांडव हादरला! एक म्हातारे गृहस्थ तर डोळे पुसत होते.

मी बूट मागितले. बूट नाहीत! चपला सांभाळणारा म्हणाला, "टोकन दिखाइए।" टोकन मला कोणी दिलंच नव्हतं, कारण बाबांना टोकन कसं द्यायचं? आठ मिनिटं शोधाशोध. शेवटी सापडले ते स्टेजवर, लाल कापडावर ठेवलेले. दोन्ही बुटांना झेंडूचा हार आणि सहाही चाकांना एकेक टिळा!

नऊ वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. सतरा किलोमीटर बाकी, चोपन्न मिनिटं बाकी. आणि पुढं अजून आठ मांडव! ताशी वीसनं गेलो आणि एकदाही थांबलो नाही तरच जमणार होतं.

आता जे सांगतो ते जरा हळू आवाजात सांगतो. मी जन्मभर खोटं न बोलणारा माणूस. पंचशील घरातल्या भिंतीवर लावलेलं आहे. पण मी त्या माइकवाल्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "भैया, आगे सब मांडव में फोन कर दो। मेरा संकल्प है। यहाँ से सीधा डोंगरी तक, न रुकना, न खाना, न बोलना।"

"संकल्प!" तो शहारला. "पहले क्यों नहीं बताया बाबा?"

हो! पहले क्यों नहीं बताया! इतके दिवस खरं बोलून मी काय मिळवलं?

आणि मग बघा काय झालं! पुढचा रस्ता असा मोकळा झाला की जणू पंतप्रधानांचा ताफा येतोय. प्रत्येक मांडवासमोर लोक दोन्ही बाजूंना हात जोडून रांगेत उभे. कोणी द्रोण पुढं करेना, कोणी हाक मारेना. पायांना तेल लावल्यामुळं बुटात पाय थोडे सटकत होते, पोटात हलवा हिंदकळत होता, पण मी जीव तोडून रेटत होतो. "वेग बावीस," मोबाईल म्हणाला. तीन वर्षांत हा आकडा मी ऐकला नव्हता!

फक्त एक गोष्ट. ते फुलं उधळत होते! ओल्या झेंडूच्या पाकळ्या आणि डांबर, यावर चाक फिरवून बघा एकदा! तीन वेळा माझे दोन्ही पाय दोन तालुक्यांत गेले. एकदा मी पाठीवर पडणार तेवढ्यात हात हवेत फिरवून सावरलो, तर एक बाई शेजारणीला म्हणाली, "देखिस? झूपत हे!" अंगात आलंय म्हणे माझ्या! मी तोंड उघडणार होतो. पण मौन होतं ना, मीच घेतलेलं!

शेवटचा चढ चढलो तेव्हा डोळ्यांपुढं काजवे होते. कोसमडोंगरीची कमान दिसली. मोबाईल बोलला, "अंतर बेचाळीस. एकूण वेळ, तीन तास सत्तावन्न मिनिटं."

झालं होतं! तीन मिनिटं राखून! मी कमानीखाली बसलो आणि अक्षरशः रडलो. लोकांना वाटलं, भक्ती. असू दे! मला पाठीवरची अक्षरं दिसत होती.

आता राहिला साक्षीदार. नरहरीला फोन लावला, उचलेना. मग नियम आठवला: संस्थेचं पत्र. कमानीजवळच शेवटचा मांडव होता आणि त्या सेवा समितीचे अध्यक्ष स्वतःच माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे होते. भैय्यालाल साहू, निवृत्त मुख्याध्यापक. पांढरं धोतर, खिशाला दोन पेनं. असा साक्षीदार शोधून सापडत नाही!

"गुरुजी, आपने मुझे आते हुए देखा न?"

"अपनी आँखों से, बेटा! उस मोड़ से देखा है।"

"चक्कों पर?"

"चक्कों पर!"

"तो बस इतना लिख के दे दीजिए। लेटरहेड पे, ठप्पा लगा के। रायपूर में जमा करना है।"

गुरुजींनी चटई अंथरली, चष्मा पुसला आणि पाऊण तास लिहिलं. अक्षर काय सुंदर! तीन सभासदांच्या सह्या, दोन गोल शिक्के. मी वाचायला हात पुढं केला तर त्यांनी कागद लिफाफ्यात घातला, खळीनं चिकटवला आणि वर कुंकवाचं बोट लावलं. "रास्ते में नहीं खोलना। शुभ काम का कागज है।" मी म्हटलं, मुख्याध्यापकाचं लेखन, त्यात काय तपासायचं?

परतीला मला एक ट्रॅक्टर मिळाला, पुढं अभनपुराहून बस. साडेचार वाजता मी तेलीबांध्याला तलावाकाठी पायलसमोर उभा होतो. अंगावर पाकळ्या, कपाळावर टिळा, हातात लिफाफा.

"तीन सत्तावन्न?" पायल मोबाईल बघून ओरडली. "अंकल! आपने कर दिया!" तिनं चक्क माझ्याशी हात मिळवला. मग लिफाफा फाडला आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"प्रमाणित किया जाता है कि रायपुर निवासी श्री हरिदास गजभिये जी ने आज पचपेड़ी नाका से कोसमडोंगरी तक बयालीस किलोमीटर की कठिन यात्रा..." इथं ती थांबली.

"वाच ना!"

"...नंगे पाँव..."

"काय?"

"...निराहार..."

माझ्या पोटात तेव्हा दोन प्रकारचा हलवा, साबुदाणा, केळी आणि पाव लिटर दूध होतं!

"...एवं संपूर्ण मार्ग मौन रहकर, पैदल पूर्ण की। हम सब इसके साक्षी हैं।" तिनं कागद उलटा करून बघितला. "अंकल, इसमें स्केट कहाँ है?"

मी कागद हिसकावला. खरंच नव्हतं! चाक नाही, बूट नाही, काहीच नाही! दोन शिक्के मात्र ठसठशीत.

"नंगे पाँव, पैदल, तीन सत्तावन्न," पायल विचार करत म्हणाली. "पैदल चाल वालों को भेज दूँ क्या? वो तो आपको आज ही उठा लेंगे."

लेटरहेडवर नंबर होता. मी तिथल्या तिथं फोन लावला. "गुरुजी! ये क्या लिख दिया? आपने तो अपनी आँखों से चक्के देखे थे!"

"देखे थे बेटा," गुरुजी शांतपणे म्हणाले. "लेकिन चक्का लिखते तो पढ़ने वाले क्या कहते? आराम से लुढ़कता हुआ आ गया! इतनी तपस्या की है आपने। आपकी इज्जत का सवाल था।"

"दूसरा लिख दीजिए! अभी! फोटो भेज दीजिए!"

"बेटा, तीन लोगों की सही हो चुकी है। अब समिति को झूठा बना दें?"

पाच वाजले.

घरी आलो. कमलानं पत्र नीट वाचलं, दोनदा वाचलं, मग खाली वाकून माझ्या पायांकडं पाहिलं. "बेचाळीस किलोमीटर बिनचपलेनं?"

"तसं लिहिलंय त्यांनी."

"मंग टाचा काहून अशा लुसलुशीत होऊन राहिल्या? लग्नातही नव्हत्या एवढ्या! खोटं सर्टिफिकेट आणाचं तं निदान पाय तरी मळवून आणाचे!"

अंधार पडायच्या आत संघाची यादी मोबाईलवर आली. पन्नाशीवरचा गट, जागा तीन. पहिलं नाव भिलाईचं, दुसरं बिलासपूरचं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "योग्य उमेदवार मिळाला नाही."

मिळाला नाही! माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! मी आत्ताच्या आत्ता अर्ज लिहायला बसलोय, वरपर्यंत जाणार आहे मी! उमेदवार होता, चाकांवर होता, वेळेत होता! आणि माझ्याजवळ लेखी पुरावा आहे, निवृत्त मुख्याध्यापकाच्या हातचा, तीन सह्यांचा, दोन शिक्क्यांचा! फक्त तो कोणाला दाखवायची सोय नाही.